सनस्क्रीन, अंडाशय आणि पुराव्याचे वजन

उन्हापासून त्वचेचे रक्षण करणाऱ्या मलमांविषयी, म्हणजे सनस्क्रीनविषयी, सध्या दोन विधाने कानांवर येतात. ‘त्यांतील रसायनांमुळे मुलींच्या अंडाशयाची वाढ बिघडते आणि पुढे मूल होत नाही’ हे पहिले. ‘ही रसायने पूर्णपणे निर्धोक असल्याचे सिद्ध झाले आहे’ हे दुसरे. दोन्ही बाजू आपल्या मताच्या पुष्ट्यर्थ शोधनिबंधच पुढे करतात आणि ते निबंध खोटे नसतात. निबंधात जे मोजले आहे आणि त्यावरून जे सांगितले जाते, या दोहोंत अंतर पडते, ही खरी अडचण आहे.

वर्गात प्रजनन संस्थेचे प्रकरण चालू असताना हा प्रश्न शिक्षकांपुढे येतो. विचारणारी मुलगी पंधरा-सोळा वर्षांची असते आणि उत्तर तिला स्वतःसाठी हवे असते. ‘काही होत नाही’ किंवा ‘वापरूच नकोस’ अशा एका वाक्यात तिची बोळवण करणे योग्य नाही. म्हणून या लेखात आम्ही दोन्ही बाजूंनी वारंवार पुढे केल्या जाणाऱ्या काही निबंधांचे परीक्षण करणार आहोत. प्रत्येकाला चार प्रश्न विचारू. पाहणी कोणत्या इंद्रियाची झाली? आयुष्याच्या कोणत्या टप्प्यावर? रसायनाची मात्रा किती होती? तुलना कशाशी केली?

रसायन आणि इंद्रिय

सनस्क्रीनमधील घटक ढोबळमानाने दोन प्रकारचे असतात. झिंक ऑक्साइड आणि टायटॅनियम डायऑक्साइड ही खनिज पूड बहुतांशी त्वचेच्या वरच्या थरावरच राहते. दुसऱ्या प्रकारात अतिनील किरण शोषून घेणारी कार्बनी संयुगे येतात. ऑक्सिबेन्झोन (याचेच दुसरे नाव बेन्झोफिनोन-३), ऑक्टिनॉक्सेट आणि ४-एमबीसी हे कापूरवर्गीय संयुग ही त्यांपैकी काही. आपल्या चर्चेचा विषय ही दुसऱ्या प्रकारची संयुगे आहेत. त्यांचे रेणू लहान आणि मेदात विरघळणारे असल्यामुळे त्यांचा काही अंश त्वचेतून रक्तात जातो. ऑक्सिबेन्झोनच्या रेणूत हायड्रॉक्सिल गट जोडलेले बेन्झीनचे कडे आहे. इस्ट्रॅडायॉल या स्त्री-संप्रेरकातही तसे कडे असते. त्यामुळे शंका घेण्यास रासायनिक आधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

आता अंडाशयाकडे वळू. स्त्रीगर्भाच्या पाचव्या महिन्याच्या सुमारास अंडाशयांतील बीजपेशींची संख्या ६० ते ७० लाखांपर्यंत जाते. जन्माच्या वेळी त्यांतील १० ते २० लाख उरतात, वयात येताना ३ ते ४ लाख, आणि संपूर्ण आयुष्यात त्यांतील सुमारे ४०० ते ५०० पेशीच परिपक्व होऊन बाहेर पडतात. आरंभी या पेशी घोळक्यांत असतात. मग घोळके फुटतात आणि प्रत्येक अंडपेशीभोवती चपट्या पेशींचे एकपदरी वेष्टन तयार होते. या जोडगोळीला आद्य पुटिका म्हणतात. माणसात ही जुळणी आईच्या पोटातच होते, तर उंदरात ती जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पुरी होते. उंदरांत या जुळणीवर इस्ट्रोजेनचा परिणाम होतो, हे प्रयोगांनी दाखवले आहे.

म्हणजे प्रश्न मुळात दोन आहेत. गर्भावस्थेत पुटिका जुळत असताना हे रसायन पोचले तर काय होईल, हा एक. वयात आलेल्या स्त्रीच्या कार्यरत अंडाशयावर त्याचा काय परिणाम होईल, हा दुसरा. ‘सनस्क्रीनने वंध्यत्व येते का?’ असे विचारताना हे दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि एकाचा पुरावा दुसऱ्याला जोडला जातो.

झुरिकचे उंदीर

भीतीच्या बाजूने ज्याचा हवाला सर्वांत अधिक दिला जातो तो निबंध २००१ सालचा आहे. झुरिक विद्यापीठातील मार्ग्रेट श्लुम्फ, वाल्टर लिख्टनस्टायगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा संयुगे तपासली. इस्ट्रोजेन मिळाले की झपाट्याने वाढणाऱ्या मानवी स्तनकर्करोगाच्या पेशींवर सहांपैकी पाच संयुगांचा परिणाम दिसला. नंतर वयात न आलेल्या मादी उंदरांना हीच संयुगे चार दिवस खाद्यातून दिली. त्यांपैकी तिघांमुळे गर्भाशयाचे वजन वाढले. ऑक्सिबेन्झोनचा परिणाम सर्वांत क्षीण होता आणि तो दिसला शरीराच्या दर किलो वजनामागे रोज सुमारे १,५०० मिलिग्रॅम या मात्रेला.

काम काळजीपूर्वक केलेले आहे. परंतु वजन केले ते गर्भाशयाचे. इस्ट्रोजेन मिळाले की अपरिपक्व गर्भाशय फुगते, म्हणून ही चाचणी लिटमस कागदासारखी वापरतात. संयुगात इस्ट्रोजेनसारखा गुण आहे काय, एवढेच ती सांगते. पुटिका किती उरल्या, पिले किती झाली, हे तिच्यातून कळत नाही.

मात्रेचा हिशेब फळ्यावर करून पाहावा. प्रौढ स्त्रीच्या त्वचेचे क्षेत्रफळ सुमारे १६,००० चौरस सेंटिमीटर धरू. सनस्क्रीनच्या चाचण्यांत दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम मलम लावतात. म्हणजे सर्वांगाला एका वेळी ३२ ग्रॅम लागेल. पन्नास ग्रॅमची नळी दोनदाही पुरणार नाही. त्यात ऑक्सिबेन्झोन ५ टक्के असेल तर ते १,६०० मिलिग्रॅम झाले. २००६ साली स्वीडनमध्ये २५ व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात लावलेल्यापैकी सरासरी ३.७ टक्के ऑक्सिबेन्झोन लघवीवाटे बाहेर पडले होते. आपण ४ टक्के शोषले गेले असे धरू. मग शरीरात ६४ मिलिग्रॅम गेले. ५० किलो वजनाच्या स्त्रीत दर किलोला ते सव्वा मिलिग्रॅमच्या आसपास येते. उंदरांची मात्रा याच्या हजारपटीहून अधिक होती.

इथे भीतीची बाजू कमजोर पडते. मात्र हिशेब इथेच थांबवणेही बरोबर नाही. लघवीतून जेवढे सापडले तेवढेच शोषले गेले, असे म्हणता येत नाही. शिवाय उंदरांनी गिळलेले रसायन आतडे आणि यकृत यांतून जाते, त्वचेतून आलेले थेट रक्तात जाते. म्हणून गिळलेली मात्रा आणि शोषलेली मात्रा यांची तुलना करण्यापेक्षा रक्तातील प्रमाण पाहणे अधिक योग्य. त्याकडे आपण लवकरच येऊ.

दिलासा देणारे दोन निबंध

२०११ साली अमेरिकेतील काही त्वचातज्ज्ञांनी वरच्यासारखाच हिशेब छापला. झुरिकच्या उंदरांएवढे ऑक्सिबेन्झोन माणसाच्या शरीरात जायला सर्वांगाला भरपूर सनस्क्रीन रोज लावले तरी सुमारे ३५ वर्षे लागतील, आणि नेहमीच्या बेताने थोड्याच भागाला लावले तर अडीचशेहून अधिक वर्षे लागतील, असा त्याचा निष्कर्ष होता. हा आकडा पुढे अनेक लेखांत दिलासा म्हणून वापरला गेला.

आमच्या मते हा युक्तिवाद सदोष आहे. अर्धा किलो मीठ एका दिवसात पोटात गेले तर माणूस दगावेल. तेच दोन महिन्यांत विभागून गेले तर तो नेहमीचा आहार होतो. ऑक्सिबेन्झोन शरीरात साठत राहत नाही, त्याचा निचरा होत असतो. मग ३५ वर्षांची बेरीज करून ती चार दिवसांच्या मात्रेशी ताडण्याला अर्थ काय? पेशींवर परिणाम होतो तो त्या वेळी रक्तात असलेल्या प्रमाणाचा. गर्भातील पुटिकांच्या जुळणीचा काळ तर काही आठवड्यांचाच असतो. निष्कर्ष चुकीचा असेलच असे नाही, पण तो या वाटेने सिद्ध होत नाही.

दुसरा निबंध २००४ सालचा, कोपनहेगनचा. तिथे ३२ स्वयंसेवकांनी पहिला आठवडा साधे मलम आणि दुसरा आठवडा तीन अतिनीलशोषक संयुगे असलेले मलम रोज सर्वांगाला लावले. तिन्ही संयुगे रक्तात आणि लघवीत सापडली. ऑक्सिबेन्झोनची कमाल पातळी दर मिलिलिटरला २०० नॅनोग्रॅमच्या आसपास होती. संप्रेरकांत किरकोळ फरक दिसले, पण त्यांचा सनस्क्रीनशी संबंध नसावा असे संशोधकांनी म्हटले.

आता आपला पहिला प्रश्न विचारू. हे ३२ जण कोण होते? १५ तरुण पुरुष आणि १७ रजोनिवृत्त स्त्रिया. यामागे कारण होते. पाळी चालू असलेल्या स्त्रीत संप्रेरके दर आठवड्याला वरखाली होतात, त्यात मलमाचा परिणाम वेगळा काढणे अवघड. प्रयोगाची ती सोय समजण्यासारखी आहे. परंतु परिणामी ३२ जणांमध्ये कार्यरत अंडाशय एकही नव्हते. ज्या प्रयोगात आपल्या प्रश्नातले इंद्रियच हजर नाही, तो ‘अंडाशयावर परिणाम होत नाही’ याचा पुरावा म्हणून कसा चालेल? शिवाय मुदत एका आठवड्याची होती आणि पाळीचे एक चक्रच चार आठवड्यांचे असते.

रक्तातील मात्रा

अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शास्त्रज्ञांनी २०१९ साली २४ आणि २०२० साली ४८ व्यक्तींवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. बाजारात मिळणारी सनस्क्रीन शरीराच्या तीनचतुर्थांश भागाला दिवसातून अनेक वेळा लावली, तेव्हा तपासलेली सर्व संयुगे रक्तात दर मिलिलिटरला ०.५ नॅनोग्रॅम या मर्यादेच्या वर गेली. ऑक्सिबेन्झोन २०० नॅनोग्रॅमच्या आसपास आणि काही उत्पादनांत त्याहूनही वर पोचले. बातम्यांत ‘मर्यादेच्या शेकडो पट विष’ अशा अर्थाचे मथळे झळकले.

इथे बातमी देणाऱ्यांनी दोन गोष्टी गाळल्या. पहिली, ०.५ नॅनोग्रॅम ही धोक्याची पातळी नव्हे. त्याखाली असलेल्या संयुगाला विषशास्त्रीय चाचण्यांतून सूट मिळू शकते आणि त्यावर गेल्यास चाचण्या कराव्या लागतात, एवढाच तिचा अर्थ. दुसरी, २०० नॅनोग्रॅम हा आकडा कोपनहेगनच्या निबंधाने पंधरा वर्षे आधीच दिला होता. आश्चर्य वाटायचेच तर ते याचे वाटावे, की एवढ्या काळात पुढच्या चाचण्या का झाल्या नाहीत.

या २०० नॅनोग्रॅमचा अर्थ काय? पाळीच्या चक्राच्या मध्यावर इस्ट्रॅडायॉल दर मिलिलिटरला सुमारे ०.३ नॅनोग्रॅम असते. म्हणजे रेणूंच्या संख्येत ऑक्सिबेन्झोन त्याच्या सुमारे ८०० पट झाले. पण झुरिकच्याच पेशींवरील प्रयोगानुसार त्याचा इस्ट्रोजेनसारखा गुण इस्ट्रॅडायॉलच्या सुमारे ३० लाखांश आहे. गुणाकार केला तर परिणाम नैसर्गिक संप्रेरकाच्या चार हजाराव्या भागाइतका येतो. प्रौढ स्त्रीच्या बाबतीत ही फार लहान भर आहे. वयात न आलेल्या मुलीत मात्र इस्ट्रॅडायॉल त्या शिखराच्या तिसाव्या भागाहूनही कमी असते, त्यामुळे तीच भर तुलनेने तीसपटीहून मोठी ठरते. तीही लहानच; पण प्रत्येक वयाला एकच उत्तर लागू पडत नाही हे यावरून ध्यानात यावे. शिवाय शरीरात ऑक्सिबेन्झोनपासून बेन्झोफिनोन-१ तयार होते आणि त्याचा इस्ट्रोजेनसारखा गुण मूळ संयुगाहून अधिक आहे. आणि हा सगळा हिशेब परिणाम इस्ट्रोजेनच्याच वाटेने होतो असे गृहीत धरतो.

प्रत्यक्ष अंडाशय

अंडाशयच समोर ठेवून केलेले काम अर्जेंटिनातील सांता फे येथील संशोधकांचे आहे. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात नवजात उंदरांची संपूर्ण अंडाशये पोषकद्रवात वाढवून त्यांत ऑक्सिबेन्झोन मिसळले आणि पुटिकांच्या सुरुवातीच्या जुळणीत फरक पडल्याचे आढळले. इंद्रिय बरोबर आहे आणि टप्पाही बरोबर आहे. मात्रा काही नॅनोमोलपासून काहीशे नॅनोमोलपर्यंत होती. रक्तातील २०० नॅनोग्रॅम म्हणजे दर लिटरला सुमारे ८८० नॅनोमोल. याचा अर्थ या प्रयोगातील मात्रा माणसाच्या आवाक्याबाहेरची नव्हती. हजारपटीचा जो आक्षेप झुरिकच्या निबंधावर घेता येतो, तो या निबंधावर घेता येत नाही.

वेगळे आक्षेप मात्र घेता येतात. रक्तात हे रसायन प्रथिनांना चिकटते आणि यकृत त्याचे रूपांतर करते. काचपात्रातील अंडाशयाला हे संरक्षण नसते. मानवी गर्भ आईच्या आणि वारेच्या आड असतो. ऑक्सिबेन्झोन गर्भजलात आणि नाळेच्या रक्तात सापडले आहे, पण गर्भाच्या अंडाशयापर्यंत मोकळ्या स्वरूपात किती पोचते हे त्यावरून ठरत नाही. आणि पुटिकांची जुळणी थोडी बदलली म्हणजे पुढे वंध्यत्व आलेच, असेही नाही, कारण अंडपेशींचा साठा गरजेच्या कितीतरी पट असतो. हा निबंध धोका सिद्ध करत नाही. त्याने पुढे कुठे शोधायचे ते मात्र दाखवले आहे, आणि म्हणून आम्हाला तो या सर्वांत मोलाचा वाटतो.

माणसांची पाहणी

शेवटी मूल होण्या न होण्याचा थेट पुरावा. अमेरिकेत २००३-०४ च्या राष्ट्रीय पाहणीत २,५१७ जणांच्या लघवीच्या नमुन्यांपैकी ९६.८ टक्क्यांत ऑक्सिबेन्झोन सापडले. इतक्या लोकांत ते आढळते तर परिणाम शोधणे शक्य असले पाहिजे. मिशिगन आणि टेक्सास राज्यांत २००५ ते २००९ या काळात गर्भधारणेचा प्रयत्न करणारी ५०१ जोडपी एका अभ्यासात घेण्यात आली. २०१४ च्या निबंधानुसार स्त्रियांच्या लघवीतील ऑक्सिबेन्झोन आणि गर्भधारणेला लागणारा वेळ यांत संबंध आढळला नाही. पुरुषांतील दुसऱ्याच दोन बेन्झोफिनोनांचा संबंध मात्र दिसला. तेवढाच भाग उचलून ‘सनस्क्रीनमुळे मूल होण्यास विलंब’ असे सांगितले जाते.

पाच संयुगे आणि दोन जोडीदार म्हणजे निदान दहा तुलना झाल्या. प्रत्येक तुलनेत योगायोगाने फसण्याची शक्यता ५ टक्के धरली आणि तुलना परस्परांपासून स्वतंत्र मानल्या, तर दहांपैकी निदान एक तरी फसवी निघण्याची शक्यता सुमारे ४० टक्के येते. अकरावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित जरूर घालावे.

बोस्टनच्या एका रुग्णालयात वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या स्त्रियांच्या २०१९ च्या अभ्यासात तर उलटेच दिसले. ऑक्सिबेन्झोन अधिक असलेल्या स्त्रियांत गर्भ रुजण्याचे आणि मूल होण्याचे प्रमाण अधिक होते! सनस्क्रीनने प्रजननक्षमता वाढते, असे कोणी यावरून म्हणणार नाही. घराबाहेर व्यायाम करणाऱ्या स्त्रिया सनस्क्रीन अधिक लावतात, आणि उपचाराला यश येण्यामागे त्यांचे आरोग्य व राहणी असू शकते. जो तर्क इथे आपण सहज स्वीकारतो, तोच प्रतिकूल निष्कर्षांनाही लावला पाहिजे. आणखी एक मर्यादा सर्वच पाहण्यांना आहे: लघवीचा एक नमुना गेल्या एक-दोन दिवसांतला वापर दाखवतो, आयुष्यभराचा नाही. गर्भावस्थेतील संपर्काविषयी तर तो काहीच सांगत नाही.

मग वर्गात काय सांगावे?

आमचा निष्कर्ष असा. वयात आलेल्या स्त्रीला सनस्क्रीनच्या वापराने वंध्यत्व येते असे दाखवणारा पुरावा नाही, आणि जो आहे तो त्या विरुद्ध दिशेने झुकतो. गर्भातील अंडाशयाच्या बाबतीत मात्र ‘निर्धोक’ हा शब्द वापरण्याइतका पुरावा कोणाकडेच नाही. यासाठी गरोदरपणात अनेक वेळा नमुने घेऊन जन्मलेल्या मुलींची त्या वयात येईपर्यंत पाहणी करणारे अभ्यास लागतील.

कायदे करणाऱ्यांनी तोवर थांबायचे नाही असे ठरवले, ते योग्यच झाले. युरोपीय संघाने २०२२ साली सर्वांगाला लावायच्या उत्पादनांत ऑक्सिबेन्झोनची मर्यादा २.२ टक्क्यांवर आणली, चेहरा व हात यांसाठी ती ६ टक्के ठेवली, आणि २०२४ च्या नियमाने ४-एमबीसीवर बंदी घातली. ही सावधगिरी आहे, वंध्यत्व सिद्ध झाल्याची कबुली नव्हे.

तराजूच्या दुसऱ्या पारड्यातही वजन आहे. ऑस्ट्रेलियातील नंबूर गावी १९९२ ते १९९६ या काळात झालेल्या प्रयोगात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांत त्वचेच्या एका प्रकारच्या कर्करोगाचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले. गोऱ्या त्वचेच्या लोकांसाठी हा मोठा लाभ आहे. आपल्याकडील सावळ्या त्वचेत मेलॅनिन अधिक असल्याने हा धोका पुष्कळ कमी असतो. पण कोड, वर्णहीनता किंवा ल्युपस असलेल्या मुलीला सनस्क्रीन ही गरज असते आणि तिने ऐकीव गोष्टीवरून ते बंद करू नये. गरोदर स्त्रीला किंवा मनात शंका असलेल्या कोणालाही झिंक ऑक्साइडचे मलम, लांब बाह्यांचे कपडे, छत्री आणि दुपारची सावली हा पर्याय मोकळा आहे. त्यासाठी वेष्टनावरची घटकांची यादी वाचण्याची सवय तेवढी हवी.

विद्यार्थ्यांकडून एक काम करून घ्यावे, असे आम्ही सुचवू. या विषयावरची एखादी बातमी आणि एखादी जाहिरात वर्गात आणावी. दोन्हींतील दावा फळ्यावर लिहून त्याखाली इंद्रिय, टप्पा, मात्रा आणि तुलना असे चार रकाने आखावेत आणि मिळेल ती माहिती भरावी. जो रकाना रिकामा राहील तो भरण्यासाठी कोणता प्रयोग करावा लागेल, हे मुलांना विचारावे. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीला यातून आपले उत्तर स्वतः तपासता येईल, आणि पुढची बातमी येईल तेव्हा तिला शिक्षकांची वाट पाहावी लागणार नाही.